आडवा अंतराळवीर

“सिर किधर है इनका? मैं पूछ रही हूँ, सिर किधर है?”

डॉक्टर मॅडम दारातूनच ओरडत होत्या. आवाज पंजाबी, वेळ सकाळची आणि खोली रिकाम्या पिंपासारखी घुमणारी. शपथेवर सांगतो, त्या आवाजानं खिडकीची एक काच तडकली. सिस्टरचं म्हणणं की ती आधीपासूनच तडकलेली होती, पण सिस्टर त्यांच्याच पगारावर, तिची साक्ष कोण धरतो.

माझं डोकं जागेवर आहे, असं मी लगेच सांगितलं. नेहमीसारखं खांद्यांच्या वर. फक्त पलंगाच्या ज्या टोकाला ते असायला हवं होतं तिथं माझे पाय होते, आणि जिथं पाय असायला हवे होते तिथून मी मॅडमना नमस्कार करत होतो. शेजारच्या पलंगावर पलवलचा एक पहिलवान होता. तोही उलटाच. त्याच्या त्या मोठ्या तळव्यांकडे बघून मॅडमनी आपली फाइल छातीशी धरली आणि विचारलं, “किसने घुमाया?”

पहिलवान माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे बघू लागलो. छताकडे बघण्याचा मला तोवर दांडगा सराव झाला होता.

आता तुम्ही म्हणाल, एक माणूस पलंगावर उलटा झोपला, त्यात एवढं आभाळ कोसळण्यासारखं काय. तर आभाळच कोसळलं होतं. आम्ही अंतराळमोहिमेवर होतो.

हसू नका. माझी बायको हसली, ऑफिसातले हसले, समोरच्या फ्लॅटमधले गुप्ताजी तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणून नीट सांगतो. त्या दिवसांत वर एक यान गेलं होतं आणि त्यात आपला एक माणूस होता. ती मोहीम कुठं झेंडा रोवायला गेलेली नव्हती. वजन नाहीसं झालं की जिवांचं काय होतं, एवढंच बघायला ती गेली होती. बिया कशा रुजतात, स्नायू कसे झिजतात, अंगातलं रक्त कुठं जातं. आता रक्त कुठं जातं हे बघायला दर वेळी माणूस वर धाडणं शक्य नाही. म्हणून त्या विद्येतल्या लोकांनी जमिनीवरच एक युक्ती काढली आहे. माणसाला पाठीवर आडवं करायचं, पलंगाचा पायथा जरासा उचलायचा म्हणजे डोकं पायांपेक्षा थोडं खाली राहतं, आणि त्याला आठवडेच्या आठवडे तसंच ठेवायचं. उठायचं नाही, बसायचं नाही, मानसुद्धा उचलायची नाही. जेवण आडवं, आंघोळ आडवी, आणि बाकीचं जे काही असतं तेही आडवंच. रक्त डोक्याकडे चढतं, पाय काटक्या होतात, हाडांना आळस येतो. थोडक्यात वर गेलेल्याचं जे होतं तेच सगळं. फरक एवढाच की त्याला खिडकीतून पृथ्वी दिसते आणि आम्हाला मथुरा रोड.

हे सगळं फरीदाबादच्या एका संस्थेत चाललं होतं. तिचं नाव सांगणार नाही. तशी सही दिली आहे आणि मी माझ्या सह्या पाळतो. माझ्या हातून पूर्ण होणारी तेवढी एकच गोष्ट आहे, असं माझी बायको म्हणते.

तिचं ते मत जुनं आहे. मी हाफ मॅरेथॉनला उतरलो आणि अर्ध्यातच एका गोलगप्पेवाल्यापाशी थांबलो, हे खरं आहे. त्याचं पाणी चांगलं होतं. गिटार घेतली, तिच्या खोक्यात आता हिवाळ्याचे कपडे असतात. बाल्कनीत भाजीपाला लावायचं काढलं आणि कुंड्या आणल्या, मग मातीचं राहिलं. आमच्या घरात एखादी गोष्ट अर्धवट राहिली की मुलगीसुद्धा म्हणते, “बाबाने केलं का हे?” दिल्लीत वाढलेली पोर, तिला धड ‘कोथिंबीर’ म्हणता येत नाही, धनिया म्हणते. पण ‘अर्धवट’ हा शब्द तिला येतो.

तेव्हा गुडगावची एक कंपनी सुटली होती आणि दुसरीत रुजू व्हायचं होतं, मधे वेळ होता. एका ओळखीच्यानं सांगितलं की धडधाकट स्वयंसेवक हवेत, काम झोपायचं आहे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धावणारा थांबतो, पोहणारा दमतो, पण झोपलेला काय करेल? फार तर उठेल. आणि उठणं हे माझ्या रक्तातच नाही. इथं अर्धवट राहायला जागाच नव्हती. मी बायकोला म्हणालो, ही एक गोष्ट बघ मी शेवटाला नेतो. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, “बघू.”

त्या ‘बघू’साठी मी आडवा झालो. देशासाठी, विज्ञानासाठी वगैरे आहेच, पण आधी त्या ‘बघू’साठी.

पहिले दोन दिवस मजेत गेले. मग रक्त वर चढायला लागलं. तोंड असं सुजलं की आरशात मला माझा मोठा भाऊ दिसायचा, आणि मला मोठा भाऊ नाही. नाक चोंदलं ते असं की कुणी तिथं सिमेंट भरलं असावं. पाठीवर गादीच्या शिवणीचे, मेट्रोच्या नकाशासारखे असे वळ उठले की त्यावरून कुणी राजीव चौकात गाडी बदलली असती. पोटऱ्या दर दिवशी कमी होत होत्या. पहिलवानाच्या तर इतक्या उतरल्या की त्यानं एकदा रडवेलं होऊन मला विचारलं, “भाई साहब, ये वापस आ जाएँगी ना?” मी त्याला अगदी छातीठोकपणे हो म्हणालो. मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

आणि समोर टीव्ही. हा त्यांनी आमच्या करमणुकीसाठी लावला होता, पण माझ्या मते त्यात कुणाचा तरी दुष्टपणा होता. टीव्हीवर तो वरचा माणूस हवेत पाण्याचा गोळा सोडायचा, तरंगत जाऊन तोंडानं झेलायचा आणि सगळा देश टाळ्या वाजवायचा. इकडे मी नळीनं डाळीचं पाणी प्यायचो आणि सिस्टर म्हणायची, गिराना मत. त्याचे पाय बारीक झाले तर तो शूरवीर. माझे झाले तर सिस्टर म्हणाली, पायजमा एक साइज छोटा दे दूँ? त्याच्या शाळेतल्या बाई टीव्हीवर येऊन रडल्या. माझ्याही बाई असत्याच रडल्या, कुणी विचारायला गेलं असतं तर. अहो, तो वर गेला ते सगळ्यांनी पाहिलं, पण तो परत येईल तेव्हा त्याच्या हाडांचं काय करायचं, हे ठरवायला कुणीतरी खाली नुसतं पडून राहायला लागतं की नाही? त्या पडून राहण्याला हार नाही, तुरा नाही, एक साधं पेढ्याचं खोकं नाही. भांडं मिळतं, झाकणाचं.

आमच्या मराठी मंडळानं त्या मोहिमेच्या आनंदाचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा मी सेक्रेटरींना फोन केला. सहज केला. मग पुन्हा दोनदा सहज केला. म्हटलं, वरचा माणूस काही आपल्या सेक्टरात येणार नाही. मोहिमेतला माणूस हवा असेल तर मी आहे, माझा एक फोटो स्टेजवर ठेवा, मी फोनवरून चार शब्द बोलतो. सेक्रेटरी सज्जन माणूस, पुण्याचा, त्यामुळे अपमानसुद्धा शुद्ध भाषेत करतो. म्हणाला, “आपण केवळ निद्रिस्त आहात ना? पूर्ण करून या. गणपतीत शाल-नारळ देऊ.”

पूर्ण करून या. म्हणजे बायकोचं म्हणणं मंडळापर्यंत पोचलं होतं.

तर असं दात आवळून मी झोपलो होतो. निम्म्याच्या पुढे गेलो, पाऊण झालं, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कशाचा तरी शेवट दिसायला लागला. आता फक्त एक आठवडा उरला होता. आणि त्या रविवारी दुपारी आत्या आली.

माझी आत्या साताऱ्याकडची, पण निम्मं आयुष्य कँटोन्मेंटांत गेलेलं. आतोबा सुभेदार होते. जिथं बदली तिथं हिचा संसार, पठाणकोट, झाशी, शेवटी दिल्ली. आता मुलगा फौजेत आहे, त्याच्याच क्वार्टरमधे राहते. फौजेत राहिल्यामुळे तिला जगातलं कुठलंही फाटक उघडता येतं. ती पहारेकऱ्याला आधी विचारते, गाव कुठलं, मग आईची तब्येत विचारते, आणि तो उत्तर देत असतानाच आत गेलेली असते. संस्थेत मात्र बाहेरचं अन्न बंद होतं. आमचा घास न् घास मोजून दिलेला असायचा. त्यामुळे तिचा डबा फाटकावर अडकला आणि तिथल्या पहारेकऱ्यानं तो खाल्ला, तिच्याच सांगण्यावरून. पण करोल बागेतून माझ्यासाठी आणलेली हिरवी चादर तिनं आत आणलीच. चादरीला कॅलरी नसते, एवढं तिनं त्यांना पटवलं.

स्टुलावर बसून तिनं आधी माझं सुजलेलं तोंड न्याहाळलं. मग टीव्हीकडे बघून म्हणाली, “ती वरची माणसं झोपतात कशी रे?”

हा माझा प्रांत. मी सविस्तर सांगितलं. भिंतीला पिशव्या असतात, त्यात शिरायचं आणि पट्टे आवळायचे, नाहीतर माणूस झोपेत तरंगत जाऊन कशावर तरी आदळतो.

“आणि डोकं कुठल्या दिशेला करतात?”

मी म्हणालो की वर दिशाच नसते. उत्तर नाही, दक्षिण नाही. छत कुठलं न् जमीन कुठली तेही नाही. हे मी इतक्या अधिकारानं सांगितलं की पहिलवानानंसुद्धा कान टवकारले.

आत्या स्टुलावरून उठली. मग खिडकीपाशी गेली. बाहेर पुलावरून मेट्रो चालली होती.

“ही दिल्लीकडे चालली का?”

“हो.”

“म्हणजे उत्तर तिकडं.” ती मेट्रोकडे बघत होती, मग माझ्या डोक्याकडे, मग माझ्या पायांकडे. माझं डोकं दिल्लीला लागलं होतं आणि पाय सरळ मथुरेकडे, म्हणजे दक्षिणेला. तुम्हाला सांगायला नको. दक्षिणेकडे पाय करून कुणाला निजवतात ते मराठी घरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

मी घाईघाईनं म्हणालो, आत्या, ते वर तरंगणारे कुठंही डोकं करतात, त्यांना काही होत नाही.

“वरच्यांचं चालेल,” ती म्हणाली. “त्यांना दिशा नाहीत. तू खाली आहेस.”

याच्यावर उत्तर द्या. 

मग ती पलंगाची पायथ्याची दांडी धरून नुसती उभी राहिली. आतोबा गेले ते दिल्लीतच, इस्पितळातल्या अशाच एका लोखंडी पलंगावर. मी तेव्हा शाळेत होतो. त्याबद्दल आत्या कधी बोलत नाही, आम्ही विचारत नाही.  एकदा दारातून बाहेर डोकावून आली, सिस्टर चहाला गेली होती. परत येऊन तिनं मला एकेक नियम विचारला. उठायचं नाही? नाही. बसायचं नाही? नाही. मान उचलायची नाही? अजिबात नाही.

“मग उठू नकोस,” ती म्हणाली. “पडून राहा.”

आणि ती हिरवी चादर तिनं माझ्या अंगाखाली सरकवली. जखमी माणसाला न हलवता हलवायचं कसं, हे तिला कँटोन्मेंटातल्या बायकांच्या वर्गात शिकवलेलं होतं. पहिलवानाचा भाऊ त्याला भेटायला आला होता, त्याला तिनं दुसऱ्या टोकाला लावलं. एक, दोन, तीन, आणि तव्यावरच्या भाकरीसारखा मी गर्रकन फिरलो. खरं सांगतो, मान तसूभरसुद्धा उचलली गेली नाही. डोक्यावर पाण्याचा तांब्या असता तर थेंब सांडला नसता.

पहिलवान हे सगळं बघत होता. “क्या हुआ, ताई?” त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. एवढा आडदांड गडी, पण पांढराफटक पडला. म्हणाला, हमारी दादी भी यही कहती थी. मग त्याचीही भाकरी फिरवावी लागली, आणि त्याला फिरवताना चादरीच्या एका कोपऱ्याचा जो आवाज झाला त्यानं करोल बागेच्या मालाबद्दलचं माझं मत कायमचं बदललं.

आत्या गेली. आणि अहो चमत्कार! अर्ध्या तासात माझं नाक मोकळं झालं. इतके दिवस ज्याला मी नाक म्हणत होतो त्यातून खरोखरची हवा आत आली, फिनाईलचा वास आला, पहिलवानाचा आला. कपाळावरचं ओझं उतरलं. तोंडाची सूज ओसरली. पहिलवान म्हणाला, भाई, सिर हल्का हो गया. मी त्याला समजावलं की आपण ज्याला अंधश्रद्धा म्हणतो त्यात पूर्वजांनी केवढं ज्ञान भरून ठेवलंय बघ. पृथ्वीचं चुंबकत्व, रक्तातलं लोह, वगैरे. मी इंजिनिअर आहे, मला असं बोलता येतं. बिचाऱ्यानं माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवला. त्याहून वाईट म्हणजे मीही ठेवला.

पलंगाचा पायथा उचललेला होता, ही गोष्ट माझ्या डोक्यात राहिलीच नव्हती. उतार एवढासा, रोज त्यावर पडून तो सपाटच वाटायला लागतो. आता त्या उंच टोकाला माझं डोकं होतं आणि पाय होते उताराला. इतक्या आठवड्यांत मोठ्या कष्टानं माझ्या डोक्यात गोळा केलेलं रक्त सुट्टी लागलेल्या शाळेसारखं खाली पळालं होतं. मला वाटलं, उत्तर सुटली म्हणून बरं वाटतंय.

रविवारची सिस्टर बदलीवर आलेली होती. ही माणसं आडवी आहेत का ते बघा, असं तिला सांगितलेलं असणार. तिनं बघितलं, आम्ही आडवे होतो. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, लिहिला, गेली. आणि सोमवारी सकाळी डॉक्टर मॅडम आल्या. काच तडकली ती तेव्हा.

“किसने घुमाया?” त्यांनी पुन्हा विचारलं. पहिलवानानं फार वेळ टिकाव धरला नाही. म्हणाला, माताजी ने.

मग मी माझी बाजू मांडली. आडव्यानं भाषण करणं अवघड असतं, शब्द सरळ छताला जातात. तरी मी मांडली. म्हटलं, मी उठलो नाही. मी बसलो नाही. मान उचलली नाही, एक मणका इकडचा तिकडे झाला नाही. बाहेरचं अन्न खाल्लं नाही, माझ्या आत्याचा थालीपीठांचा डबा तुमच्या फाटकावर संपला. तुमचा कुठला नियम मी मोडला ते दाखवा. आणि तुम्हाला डोक्याच्या दिशेचं एवढं होतं तर आधी नीट निजवायचं होतं, प्रेतासारखं कशाला निजवलंत?

मॅडमना आधी काही कळेना. सिस्टरनं त्यांना समजावून सांगितलं, तीही कुठल्याशा गावची होती, तिला कळत होतं. मॅडमचा आवाज एकदम खाली आला, आणि तो खाली आलेला आवाज मला जास्त लागला.

“दिशा?” त्या म्हणाल्या. “दिशा से हमें क्या? पूछ लेते. पलंग घुमा देते.”

आणि त्यांनी पलंगाखाली पायानं एक खटका दाबला. पलंगाला चाकं होती. एका हातानं, हो, एका हातानं, दुसऱ्या हातात फाइल होती, त्यांनी तो पलंग माझ्यासकट गोल फिरवून दाखवला. खिडकी गेली, टीव्ही गेला, पहिलवान गेला, पुन्हा खिडकी आली. सबंध अंतराळमोहिमेत माझ्या वाट्याला आलेली ती एकमेव प्रदक्षिणा.

मग त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. रक्त परत फिरलं, रात्रभर उलटं राहिलं, आता आमच्यावर केलेल्या मोजमापाचा काही उपयोग नाही. आम्ही दोघं बाद. राहिलेला आठवडा झोपून काही होणार नाही, आणि झोपलेले आठवडे धरले जाणार नाहीत.

धरले जाणार नाहीत! म्हणजे मी झोपलोच नव्हतो की काय? माझी पाठ, माझ्या पोटऱ्या, माझं ते सिमेंट भरलेलं नाक, हे सगळं कुणाचं होतं? पावसामुळे क्रिकेटची मॅच रद्द झाली तर धावा तरी मोजतात. मी विचारलं, निदान पाऊण तरी लिहा. पाऊण झोपला असं प्रमाणपत्र द्या. मॅडम म्हणाल्या, असं प्रमाणपत्र नसतं. शेवटी म्हणाल्या, “अब आप उठ सकते हैं.”

मी म्हणालो, मी उठणार नाही.

आजवर या शहरात पुष्कळ सत्याग्रह झाले, पण हा सगळ्यात सोपा होता. मी जसा होतो तसाच राहिलो. पहिलवानाला त्यांनी हळूहळू बसतं केलं, त्याला घेरी आली, दोघांनी धरलं, मग तो खुर्चीत बसून लिंबूपाणी पीत माझ्याकडे सहानुभूतीनं बघू लागला. फिजिओथेरपीवाला आला, मी गेलो नाही. मॅनेजर आला, त्याला मी विज्ञानाच्या इतिहासावर बोललो, तो गेला. मी ठरवलं होतं की उरलेला आठवडा मी झोपून पूर्ण करणार, त्यांनी धरो न धरो. मी तर धरीन. घरी जाऊन सांगता येईल की झाला पूर्ण. सरकार पाडायला लागते तेवढी जिद्द माझ्यात त्या दिवशी होती. दुपारपर्यंत टिकली. मग सिस्टरनं झाकणाचं भांडं देणं बंद केलं.

बाथरूमपर्यंत मी दोन माणसांच्या खांद्यावर गेलो. तो सत्याग्रहाचा शेवट.

घरी आलो तेव्हा पाय माझे नव्हतेच. उभं राहिलं की खोली फिरायची, जिना म्हणजे हिमालय. लिफ्ट आहे आमच्याकडे, पण तो वेगळा विषय. बायकोनं दार उघडलं, मला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, पाठीमागं उशी लावली. सगळं ऐकून घेतलं. एकदाही हसली नाही, आणि तेच मला खटकत होतं. शेवटी माझी पावलं मांडीवर घेऊन चोळता चोळता म्हणाली, “झोपून करायचं होतं. तेसुद्धा?”

गणपतीतला नारळ एका काकांना मिळाला. त्यांनी थर्मोकोलचं यान केलं होतं. त्यात बसवलेला उंदीर फार सुंदर दिसत होता, असं मी ऐकतो. मी गेलो नाही. मी त्या थर्मोकोलच्या विरुद्ध आहे, तत्त्वानं.

घरी आल्यावरच्या त्या पहिल्या दिवसांत मला आधाराशिवाय चालता येईना, म्हणून आत्या आमच्याकडे राहायला आली. माझ्यासाठी नाचणीची पेज करायची, मला गॅलरीत एक फेरी मारून आणायची. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली होती, मी भिंत धरत धरत तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं बाहेर काढलं. तुला कल्पना आहे का तू काय केलंस, असं सुरू केलं. देशाची मोहीम, विज्ञान, मानवजात, सगळं काढलं. म्हटलं, मी आयुष्यात एक गोष्ट, एकच, पूर्ण करत होतो. एक आठवडा उरला होता. आता या घरात मी मेलो तरी लोक म्हणतील, अर्धवटच मेला. आणि दिशेची एवढी काळजी होती तर त्या पलंगाला चाकं होती गं, एका हातानं फिरत होता तो, मॅडमनी मला फिरवून दाखवला. त्या म्हणाल्या, विचारलं असतंत तर आम्ही फिरवून दिला असता. एक शब्द. सिस्टरला नाही तर मॅडमना, कुणालाही एक शब्द तुला विचारता आला नाही?

आत्यानं जुडीतलं एक पिवळं पान बाजूला टाकलं.

“तुझ्या आतोबांच्या वेळी विचारलं होतं,” ती म्हणाली. “नाही म्हणाले.”